घरातलं शूटिंग

बायको काय काम करते हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं, पण काम करताना ती कशी दिसते हे त्यांनी उभ्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. ती माहितीपट बनवायची. बॅग भरून निघायची आणि पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं, उन्हानं रापून परत यायची. आल्यावर दोन दिवस नुसती झोपायची. पुढे एखाद्या छोट्या सभागृहात फिल्म दाखवली जायची. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायचे आणि टाळ्या वाजवायचे. पडद्यावर ती स्वतः कधीच नसायची. पुलाच्या कमानीला रंग देणारे, बंदरात क्रेन चालवणारी, बहिऱ्या मुलांना शिकवणारे मास्तर अशी माणसं असायची, आणि ती माणसं अशी घडाघडा बोलायची, की जणू जन्मभर कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत बसली होती.

डॉक्टर दातांचे. दोघांच्या धंद्यांवर त्यांचा एक ठेवणीतला विनोद होता. "आमचं दोघांचं काम एकच, लोकांना तोंड उघडायला लावायचं. फरक एवढाच, की हिच्यासमोर तोंड उघडलं की माणूस बोलायला लागतो आणि माझ्यासमोर उघडलं की बोलायचा थांबतो." पाहुणे हसायचे. बायकोही हसायची, कितव्यांदा ऐकतोय हे मोजायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

तिला सगळे 'बाई'च म्हणायचे. ती फिल्म बनवायला शिकवायची त्या संस्थेतले विद्यार्थी आधी म्हणायला लागले, मग सगळं गाव. एकदा भाजीवाल्याने डॉक्टरांना "बाईंचे मिस्टर ना तुम्ही?" असं विचारलं होतं. ते घरी येऊन त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

बाईंची भूक आधी गेली. पित्त असेल म्हणून थोडे दिवस निघाले. मग पाठीतून कळा यायला लागल्या, तपासण्यांचा फेरा सुरू झाला आणि एका सकाळी इस्पितळातल्या तज्ज्ञानं दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, यकृतापर्यंत पोचलाय, ऑपरेशनची वेळ टळून गेली आहे. वर्ष म्हणता येणार नाही, काही महिने म्हणू.

डॉक्टर रक्ताचे आकडे विचारायचं सोडून टेबलावरचे रिपोर्ट सरळ करत बसले. बाई मात्र त्या तज्ज्ञाकडे टक लावून बघत होत्या.

"हे असं सांगायच्या दिवशी," त्यांनी विचारलं, "तुम्ही घरून निघता तेव्हा तुम्हाला माहीत असतं?"

तज्ज्ञ गडबडला. त्यानं चष्मा काढला. मग हळूहळू बोलायला लागला. माहीत असतं, म्हणाला. अशा दिवशी मी मुलीला शाळेत सोडायला जात नाही. बायकोला पाठवतो. बाहेर रुग्णांची रांग लागली होती, नर्स दोनदा डोकावून गेली, तरी तो बोलतच राहिला. डॉक्टर मनातल्या मनात चरफडले. अगं, मरणाची बातमी तुझी आहे, त्याची नाही!

घरी आल्यावर बाईंनी चपलाही काढल्या नाहीत, आधी फोन लावला. चिमणीला. चिमणी म्हणजे बाईंची लाडकी विद्यार्थिनी. चणीनं एवढीशी, पण खांद्यावर कॅमेरा आला की तासन्‌तास हलायची नाही. तीन वर्षं ती बाईंच्या मागे लागली होती की मला तुमच्यावर फिल्म करू द्या, आणि बाई तिला झुरळासारखं झटकत होत्या.

"ये," बाई म्हणाल्या. "आता विषय आहे."

डॉक्टरांचा संताप झाला. इतक्या वर्षांत ते बाईंवर ओरडले असतील ते फार फार तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्या दिवशी ओरडले.

"मरण म्हणजे काय तमाशा आहे? तिकीट लावून दाखवायचं?"

बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना पूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मी जन्मभर लोकांच्या घरात शिरले. त्यांनी मला चुलीपर्यंत येऊ दिलं. भांडणं दाखवली, आजारपणं दाखवली. एका बाईनं नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मला बाहेर जा म्हटलं नाही. आता माझ्या घरावर पाळी आली तर मी दार लावून घेऊ? कुठल्या तोंडानं?"

वादात हरले की डॉक्टर अटी घालायचे. "हॉलमध्ये करा. झोपायच्या खोलीत करा. स्वयंपाकघरात कॅमेरा येता कामा नये."

"मंजूर," बाई म्हणाल्या. "तसाही तुझा स्वयंपाक बघण्यासारखा नाही."

चिमणी यायला लागली. एकटीच यायची. कॅमेरा तीच धरायची, माईक तीच लावायची. पहिले आठ-दहा दिवस तिनं जे काही टिपलं ते एका संध्याकाळी बाईंना दाखवलं. डॉक्टर दाराशी उभे राहून बघत होते. औषधाच्या बाटल्या होत्या. वाऱ्यानं हलणारा पडदा होता. पलंगाखालच्या सपाता होत्या, बाईंचे शिरा वर आलेले हात होते. डॉक्टरांना ते सगळं फार सुंदर वाटलं. त्यांचे डोळे भरून आले.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "ही कोण म्हातारी आहे गं?"

"बाई, तुम्ही."

"छे. हिला भेटायला मला मुळीच आवडणार नाही. ही आत्ताच गेलेली दिसते. आणि बाटल्या कशाला? बाटल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतील. तू काही विचारलंच नाहीस मला. का?"

चिमणी खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"मला त्रास होतोच आहे. तू न विचारल्यानं तो कमी होतोय का?" मग बाईंचा आवाज मऊ झाला. "हे बघ, भिडस्त माणसाला हे काम जमतं. मी स्वतः भिडस्त आहे. पण भीड वेगळी आणि भीती वेगळी. उद्या रिकामी ये, बस, गप्पा मार. कॅमेरा आपोआप निघेल."

मग डॉक्टरांची थोरली बहीण आली. भावजय आजारी, आणि घरात शूटिंग चाललंय हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, तशी ती नाकाला मिरच्या झोंबल्यासारखी तरातरा आली. आल्या आल्या चिमणीला म्हणाली, "ए पोरी, गुंडाळ ते. घरात आजारी माणूस आहे, तुला काही दिसतंय का नाही?"

"वन्सं, बसा तर खरं," बाई म्हणाल्या. "पाय ठीक आहेत का आता?"

पायांवरून गुडघ्यांवर गाडी आली, गुडघ्यांवरून जिन्यांवर, आणि जिन्यांवरून जुन्या घरावर. डॉक्टर चहा करत होते. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना पलंग दिसत होता, खुर्चीतल्या बहिणीची पाठ दिसत होती, आणि बाईंचा चेहरा अगदी समोर होता. चिमणीनं कॅमेरा कधी सुरू केला ते त्यांना कळलंही नाही.

"तुमचं लग्न झालं तेव्हा," बाई विचारत होत्या, "त्या घरातून निघताना मागे वळून बघितलंत का?"

"छट्. बघते कशाला?" बहीण म्हणाली आणि गप्प झाली.

एरवी कुणीही असतं तर पुढचा प्रश्न विचारला असता, नाहीतर "हो ना, कठीणच असतं" असं काहीतरी म्हटलं असतं. बाई काहीच म्हणाल्या नाहीत. मान हलवली नाही, की चेहरा दुःखी केला नाही. नुसत्या बघत राहिल्या, पण ते बघणं असं होतं, की जगात या घडीला दुसरं काही चाललेलंच नाही.

"नंतर एकदा गेले होते," बहीण म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. लग्नाला महिना झाला असेल. बाजारात जाते म्हणून निघाले आणि आपल्या घरापर्यंत चालत गेले. दारापर्यंत."

"दार उघडं होतं का बंद?"

"लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज येत होता. हा," तिनं मागे न बघता हात केला, "हा गृहपाठ म्हणून दाखवत होता आणि आई त्याच्या चुका काढत होती. मी उभी राहिले थोडा वेळ. मग परत फिरले."

"आत का नाही गेलात?"

"आत गेले असते तर परत गेले नसते," बहीण म्हणाली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि स्वतःवरच चिडून म्हणाली, "अगंबाई, हे काय मी बोलत बसले!"

चहा उतू गेला होता. डॉक्टर हातात गाळणी धरून तसेच उभे होते. ही बहीण त्यांनी जन्मभर पाहिली होती. तिचं तोंड बंद असतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, उलट तिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची ख्याती. आणि हे एवढं तिच्या पोटात राहिलं होतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्याहून मोठं नवल त्यांना बायकोचं वाटलं. ते स्वतः हाताचे कारागीर. हात थरथरला तर काय होतं, घाई केली तर काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. समोर पलंगावर टेकून बसलेली, पोटात कळा येत असलेली बाई जे करत होती त्यातली सफाई त्यांना लख्ख दिसली. दार उघडं होतं का बंद! एवढासा प्रश्न, पण बरोबर त्या जागी नेऊन उभा करणारा. आपण अशी कामगिरी इतकी वर्षं नुसती पडद्यावरून बघितली, असं वाटून त्यांना हळहळही वाटली आणि ऊर भरूनही आला.

त्या संध्याकाळी ते चिमणीला म्हणाले, "स्वयंपाकघरातून अँगल बरा मिळतो. हवं तर ये तिकडे."

पुढच्या आठवड्यांत घर माणसांनी भरून वाहू लागलं. बातमी पसरली होती. बाईंच्या जुन्या फिल्ममधली माणसं भेटायला येत. पुलाचा रंगारी आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि उंचावर चढणं त्यानं सोडून दिलं होतं. क्रेन चालवणारी आली, ती पलंगाशेजारी बसून इतकं हसली की घरी ठेवलेल्या नर्सनं येऊन दटावलं. प्रत्येक जण बाईंविषयी चार शब्द बोलायला यायचा आणि प्रत्येक जण स्वतःविषयीच बोलून जायचा. चिमणी हैराण.

"काका, फिल्म बाईंवर आहे! बाई स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारते, त्या उलटा मलाच प्रश्न टाकतात. घोडं तिथेच पेंड खातंय."

"मग तेच दाखव की," डॉक्टर म्हणाले. "ती विचारताना कशी दिसते ते दाखव. मला ते आत्ता कुठे दिसलं. लोकांना कुठे माहितीय?"

चिमणीनं त्यांच्या दोन्ही गालांना हात लावले आणि आत पळाली.

"डॉक्टर, आता तुझी पाळी," असं बाईंनी म्हटलं तेव्हा मात्र त्यांची पाचावर धारण बसली. त्यांना एकाएकी कामं आठवायला लागली. बाथरूमचा नळ गळत होता. दवाखान्यात जुना रुग्ण येणार होता. एक दिवस त्यांचा घसा बसला. बाई आग्रह करत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या, आणि रोज थोड्या बारीक होत होत्या.

एका सकाळी कळा फार आल्या. इंजेक्शन दिल्यावर उतरल्या. घामानं भिजलेला गाउन डॉक्टरांनी बदलला, उशी सारखी केली, आणि कुणी काही न म्हणता ते स्वतःच खुर्ची ओढून समोर बसले. चिमणीनं आवाज न करता कॅमेरा लावला.

"मी बाहेरगावी असायचे," बाईंनी विचारलं, "तेव्हा तू रात्री कुठल्या बाजूला झोपायचास?"

"हा काय प्रश्न आहे? पलंगावर झोपायचो!"

बाई गप्प.

"तुझ्या बाजूला," डॉक्टर म्हणाले. "माझी बाजू रिकामी ठेवायचो. म्हणजे मग वाटायचं की मीच कुठेतरी गेलोय, तू घरातच आहेस."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तू गेलीस की मला राग यायचा," डॉक्टर म्हणाले. "कधी बोललो नाही. पण येशील हे ठाऊक असायचं. त्याची मला सवय होती. आता हे जे आहे ना, याची मला काही प्रॅक्टिस नाही. मी रोज सकाळी उठतो आणि मला वाटतं, कुणाला तरी विचारावं की हे कसं करतात. आणि ज्या माणसाला विचारायचं ते माणूस म्हणजे तूच."

बोलता बोलता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. जन्मभर समोरच्याची दुःखं शांतपणे पचवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी आपला नियम मोडला. त्या रडल्या. हात पुढे केला, तो पोचेना, म्हणून डॉक्टर खुर्चीसकट पुढे सरकले.

खूप वेळानं नाक पुसून बाई म्हणाल्या, "चिमणे, फोकस होता ना?"

कॅमेऱ्यामागून बारीक आवाजात चिमणी म्हणाली, "शेवटी शेवटी नव्हता, बाई. मला दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"मी पण रडत होते."

"मग परत घ्यावं लागेल."

"परत?" डॉक्टर कडाडले. "मी मेलो तरी परत बोलणार नाही!"

तिघंही एकमेकांकडे बघून जे हसत सुटले! बाईंनी हसता हसता पोट धरलं आणि "अरे, दुखतंय रे" म्हणत आणखी हसल्या. ते दृश्य शेवटी धूसरच राहिलं. संकलनाच्या वेळी चिमणीला ते काढायचं होतं. बाई म्हणाल्या, राहू दे, त्या वेळी तिथे तसंच दिसत होतं.

संकलनासाठी कॉम्प्युटरचं टेबल पलंगाला लावून घेतलं होतं. बाई दिवसातून तासभर डोळे उघडून बसू शकत, पण त्या तासाभरात त्या अख्ख्या खोलीच्या मालकीण असत. चिमणीनं बाहेर जाऊन घेतलेल्या मोठ्या दिग्दर्शकांच्या मुलाखतींतली स्तुती त्यांनी एका झटक्यात उडवली. "हे सगळं मी गेल्यावर बोलणारच आहेत. आत्ता कशाला जागा अडवायची?" एका ठिकाणी मात्र चिमणी अडली. बाई झोपल्या असताना घेतलेलं एक दृश्य होतं. गाल आत गेलेले, तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यात लाळ.

"हे काढून टाका," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळं ठेवा. हे नको."

बाईंनी ते दोनदा बघितलं. "चिमणे, मी दुसऱ्या कुणाचं असं ठेवलं असतं का?"

"ठेवलं असतं," चिमणी म्हणाली. "पण त्यांना विचारून."

"मग मला विचार."

चिमणीनं माउसवरचा हात काढून घेतला. या घरात यायला लागल्यापासून तिनं विचारलेले सगळे प्रश्न एकीकडे आणि हा एकीकडे. "बाई, हे ठेवू का?"

"ठेव," बाई म्हणाल्या. "लांबवू नकोस फक्त. लोकांना कळतं."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी चिमणीला सांगितलं की शूटिंग संपलं. आता यायचं ते रिकाम्या हातानं.

"पण शेवट?" चिमणीनं विचारलं.

"तो फिल्मचा नाही. तो आमच्या दोघांचा आहे."

डॉक्टर बाजूला टॉवेलच्या घड्या घालत होते. कॅमेरा शेवटपर्यंत राहणार, ही धास्ती कित्येक आठवडे त्यांच्या काळजात घर करून होती, आणि ती त्यांनी बायकोला एका शब्दानं सांगितली नव्हती. तिला न सांगताच कळली होती. त्यांनी घड्या तशाच टाकल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

शेवटच्या दिवसांत बाईंचं तोंड कोरडं पडायचं. नर्सला ते पुसून घेणं जमायचं, पण डॉक्टर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कोमट पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश घेऊन ते सकाळ-संध्याकाळ एक एक दात, हिरड्या, जीभ हलक्या हातानं पुसायचे, ओठांना तूप लावायचे. एकदा बाई पुटपुटल्या, "सगळे शाबूत आहेत ना?" "सगळे," डॉक्टर म्हणाले. "माझी सगळ्यात चांगली पेशंट." अशाच एका सकाळी तोंड पुसून झाल्यावर त्या झोपल्या. श्वास लांब लांब होत गेला. डॉक्टरांनी हात धरला होता. श्वास थांबल्यावरही ते बराच वेळ उठले नाहीत.

फिल्म दाखवली ती बाईंच्याच संस्थेच्या सभागृहात. लोक पायऱ्यांवर बसले होते. डॉक्टर पहिल्या रांगेत बसले, शेजारी बहीण. तिनं नवी साडी नेसली होती आणि पडद्यावर स्वतःला बघताच डॉक्टरांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते कळवळले. ती दाराची गोष्ट आली तेव्हा पायऱ्यांवरची माणसं पुढे झुकली.

आणि मग डॉक्टरांनी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. ते बाहेर गेले असताना घेतलेलं असावं. बाई टेकून बसल्या होत्या. कॅमेऱ्यामागून चिमणीचा आवाज आला, "बाई, तुम्हाला कशाचा राग येतो?" बाईंनी नेहमीसारखं प्रश्नाला प्रश्नानं टोलवायचा प्रयत्न केला. चिमणी गप्प राहिली. बाईंनी वाट पाहिली. चिमणी गप्पच राहिली. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. पोरगी शिकली होती.

"मला वाटलं होतं," बाई म्हणाल्या, "की म्हातारपणी माणसांतला रस हळूहळू कमी होत असेल. जायच्या आधी तो आटतो आणि मग जाणं सोपं होतं. तो आटतच नाही गं. काल नर्स सांगत होती की तिची मुलगी कुणाशी तरी बोलत नाहीये. का बोलत नाहीये? मला कळलंच नाही अजून. याचा राग येतो." आणि लगेच पुढे झुकून, डोळे बारीक करून, "तुझं काय? तुझं आईशी बोलणं झालं का?"

दिवे लागले तेव्हा लोक उभे होते. टाळ्या थांबेनात. चिमणी एका कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती. डॉक्टरांनी तिला शोधून काढलं, खांद्याला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेना. बहीण म्हणाली, चालत जाऊ, माझे गुडघे आज बरे आहेत. दोघं दिव्यांच्या रस्त्यानं हळूहळू चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी तू दारात उभी होतीस, तेव्हा मी कुठला धडा म्हणत होतो, आठवतं?"

"धडा नव्हता रे, कविता होती," बहीण म्हणाली. "आणि ती तुला अजिबात पाठ नव्हती." मग ती बोलायला लागली, आणि डॉक्टर मध्ये काही न बोलता तिच्या पावलाशी पाऊल जुळवत ऐकत चालले.